सांडव्याची जागा

मामा,

तुमची मुलगी गेली. हे वाक्य मी आतापर्यंत पुष्कळांना कळवले आहे. नातेवाइकांना, बँकेला, तलाठ्याला, तिच्या दूधवाल्यालासुद्धा. तुम्हाला कळवायचे तेवढे राहिले. तुम्ही जाऊन इतकी वर्षे लोटली आहेत की तुम्हाला पाहिलेली माणसे आता तुमच्या गावातही मोजकीच उरली आहेत, आणि गेलेल्या माणसाला दुसऱ्या कोणाच्या जाण्याची बातमी देणे तर्काला धरून नाही, हे मला समजते. तरीही बाई गेली की पहिला निरोप तिच्या माहेरी जातो, आणि तिचे माहेर म्हणजे माझ्या लेखी अखेरपर्यंत तुम्हीच होतात. जावयाने सासऱ्याला मामा म्हणायचे ही तुमच्याकडची रीत मी लग्नानंतर पाळली, परंतु तुमच्याशी मोकळेपणाने बोलणे मला कधी जमले नाही. आपल्यात जे काही बोलणे झाले ते माती, उतार आणि पाणी यांविषयी. आजही मला त्याच विषयावर लिहायचे आहे.

गोष्ट अशी की, तुम्ही तिला चोळी-बांगडीसाठी म्हणून जे वावर दिलेत, त्याच्या नाल्याकडच्या कोपऱ्यात तिची राख आहे. आणि शासनाच्या मृद व जलसंधारणाच्या कामात वरच्या सगळ्या वावरांचे जास्तीचे पाणी नाल्यात सोडण्याची वाट नेमकी त्याच कोपऱ्यातून काढावी लागत होती. वावर आता माझ्या नावावर असल्याने संमती माझी हवी होती. उन्हाळाभर मी ती दिली नाही. ज्याने सारी नोकरी इतरांकडून अशा संमत्या मिळवण्यात घालवली, तोच अडून बसला, म्हणून गावात काय काय बोलले गेले असेल याची तुम्हाला कल्पना येईल.

आपली पहिली भेटही अशाच एका संमतीवरून, वादात झाली होती. कृषी पदवी घेऊन मी नुकताच मृदसंधारण खात्यात रुजू झालो होतो आणि मेहकर तालुक्यातील तुमच्या शिवारात बांध आखण्याचे काम माझ्याकडे आले होते. तिपाईवर लेव्हलचे यंत्र, समोर आकड्यांची उभी पट्टी धरलेला मजूर, आणि जमिनीवर फक्कीची पांढरी रेघ. तुम्ही वावराच्या कडेच्या धुऱ्यावर बसून आहात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आहे, आणि ती रेघ तुमच्या वावरात शिरून वळते, पुढे जाऊन पुन्हा वळते, ते पाहत आहात. बराच वेळ पाहून झाल्यावर तुम्ही विचारता, “सायेब, हा बांध असा सापावानी काऊन जाऊन राह्यला?”

समान उंचीची ठिकाणे जोडत गेले की रेषा जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळते, असे मी सांगितले.

“मंग माहे बैल सापामागं चालतीन काय? डवऱ्याले तास सरळ लागते. तुमची रेघच सरळ करा ना.”

मजूर हसले. मी हसलो नाही. मातीचा एक थर तयार व्हायला किती काळ लागतो आणि तो एका पावसाळ्यात कसा निघून जातो, हे प्रशिक्षणात शिकवलेले सर्व मी तुम्हाला क्रमाने सांगितले, आणि तुम्ही ते पूर्ण ऐकून घेतलेत. “खरं असन,” तुम्ही म्हणालात. “माती जाते, हे तं मी बी पाहून राह्यलो.” तेव्हा मी संमतीचा कागद पुढे केला आणि, एक वाचन घ्यायचे राहिले होते म्हणून, पुन्हा भिंगाला डोळा लावला. तुम्ही कागद हातात घेतला नाहीत. “सायेब, मांगून राह्यले तं माह्याकडं पाहा. त्या नळकांड्यात मी नाई.” मी पाहिले. तुम्ही सही केलीत. पुढे नोकरीत जेथे जेथे कागद पुढे केला तेथे आधी मान वर करण्याची सवय मला लागली, ती त्या दिवसापासून.

सही झाल्यावर तुम्ही मला जेवायला घरी नेलेत. धाब्याचे बुटके घर, मागच्या बाजूला स्वयंपाकघर, चुलीचा धूर दारातून ओसरीवर येतो आहे. मी पाटावर पाठ ताठ ठेवून बसलो आहे. आत परातीत भाकरी थापल्याचा आवाज मधेच थांबतो आणि कोणीतरी तुम्हाला विचारते, “बाबा, त्याईले तिखट चालते का, इचारा.” “मध्यम प्रमाणात चालेल,” असे मीच उत्तर देतो. आतून तोंडावर पदर धरून हसल्यासारखा आवाज येतो. तो प्रसंग तिने जन्मभर सांगितला. मुलीच्या शाळेतल्या बाईंना सांगितला, माझ्या वरिष्ठांच्या पत्नीला सांगितला. “माणूस बोलला तं मले वाटलं, रेडिओच्या बातम्या लागल्या,” असे ती म्हणत असे, आणि ऐकणारा हसला की माझ्याकडे बघून, “खोटं आहे काय?” असे विचारत असे. बुलढाण्यात इतकी वर्षे राहूनही तिने आपली बोली बदलली नाही. मी प्रारंभी तसे सुचवून पाहिले होते.

त्या पावसाळ्यात बांधाने माती अडवली, पण तुमच्या काळ्या जमिनीत पाणीही अडून बसले आणि बांधालगतची ज्वारी पिवळी पडली. गावातल्या इतरांनी आपापले बांध फावड्याने फोडले. तुम्ही फोडला नाहीत. मेहकरच्या कचेरीत निरोप पाठवलात, की सायेबाले म्हना, येऊन पाहा. मी आलो, पाहिले, आणि बांधाच्या सखल टोकाला दगडांनी बांधलेली एक वाट काढून दिली, म्हणजे आवश्यक तेवढे पाणी मुरेल आणि उरलेले माती न नेता निघून जाईल. आमच्या खात्यात तिला सांडवा म्हणतात. तो सांडवा तपासण्याच्या निमित्ताने मी त्या वर्षी तुमच्याकडे आवश्यकतेपेक्षा अधिक वेळा आलो, आणि तुमच्या ते लक्षात आले. एका सकाळी त्याच बांधावर तुम्ही मला थांबवलेत. “आता मी मांगून राह्यलो, सायेब. तुमच्याकडं पाहूनच मांगून राह्यलो. माही पोरगी करता काय?” विचार करून कळवतो, असे मी म्हणालो. “कशानं कयवता? कागदानं काय?” असे म्हणून तुम्ही जे हसलात ते हसू मला आजही जसेच्या तसे ऐकू येते.

वावर तुम्ही तिला आमच्या लग्नानंतर दिलेत. वरचे मोठे वावर तुमच्या मुलाकडे राहिले आणि नाल्याकाठचे, उताराच्या तळाचे, तिच्या वाट्याला आले. खालचेच का, असे मी विचारले होते. तुमचे उत्तर असे होते, “वरची माती सारी वाहून खालीच येते. भावाच्या वावरातलं बी तिच्याकडंच येईन.” आणि मग माझ्याकडे वळून, “पन जवाईबापूनं बांध घालून तेही बंद केलं.” ही थट्टा होती. मी त्यावर, बांधामुळे मातीचे वहन पूर्णपणे थांबत नाही, काही अंशी ते होतेच, असा खुलासा केला. ती शेजारी उभी होती. खाली मान घालून ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती, आणि हसू आवरण्यासाठीच तसे करत होती हे मला फार उशिरा समजले.

ते वावर तिने स्वतः पाहिले. मी दौऱ्यावर असे. ती बुलढाण्याहून मेहकरची बस धरून पेरणीला, निंदणीला, सोंगणीला जात असे आणि परत येताना पिशवीत तुरीच्या शेंगा किंवा एखादे कवठ घेऊन येत असे. बसमध्ये भेटलेल्या माणसांच्या हकिकती संध्याकाळभर पुरत. माझा एक दंडक होता की, मी खात्यात आहे तोवर आपल्या वावरासाठी खात्याच्या कोणत्याही योजनेचा लाभ घ्यायचा नाही. तो दंडक मला आजही योग्य वाटतो. तिला तो वाटत नव्हता. नाल्याची कड त्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात थोडीथोडी ढासळत होती आणि तेथे दगडी सांडवा हवा, हे तिने मला अनेकदा सांगितले. “लोकायच्या वावरात दगड, अन् माह्या वावरात तत्त्व,” असे ती म्हणे. मी निवृत्त झालो तेव्हा पहिली आठवण तिने याचीच करून दिली, आणि मग तिच्या पोटाच्या दुखण्याची सुरुवात झाली व बाकीचे सगळे विषय मागे पडले.

निदान उशिरा झाले. त्याविषयी अधिक लिहीत नाही. लिहून त्यात फरक पडत नाही. अखेरच्या महिन्यांत तिचा मोबाईल मी सांभाळत होतो. त्यावर खात्याचे हवामानाचे संदेश येत, “शेतकरी बंधूंनो” अशा मायन्याचे, आणि मी ते तिला वाचून दाखवत असे. “मी बंधू कधी झाली?” असे ती पडल्यापडल्या विचारी. एकदा असाच संदेश वाचून झाल्यावर ती म्हणाली, “मले गोदावरीत नका नेऊ. तिथं माह्या ओयखीचं कोन आहे? माह्या वावरात टाका.” असे बोलू नये, असे मी म्हणालो. “मंग कधी बोलू? मेल्यावर?” ती म्हणाली, आणि तो विषय तेथे संपला. मागच्या वर्षी संक्रांतीनंतर ती गेली. संदेश अजून येतात. तो मोबाईल मी चार्ज करून ठेवतो.

जागा मी निवडली, मामा. राख त्या कोपऱ्यात खड्डा करून ठेवली आणि मृगात त्यावर कवठाचे रोप लावले. तो कोपरा का, तर वावरातील तो सर्वांत सखल भाग, तेथे ओल टिकते, आणि मी बुलढाण्याहून रोज पाणी घालायला येऊ शकत नव्हतो. हा विचार शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होता. पाणी जेथे सर्वांत शेवटी पोहोचते तेथूनच त्याला बाहेर काढावे लागते, हे मी गावोगावच्या प्रशिक्षणांत फळ्यावर आकृती काढून सांगत आलो. परंतु खड्डा खणताना मला ते वाक्य आठवले नाही. राख काळ्या जमिनीत घालू नये, तिने जमिनीचा खारवटपणा वाढतो, हेही मी शेतकऱ्यांना सांगत असे. तेही आठवले नाही. त्या दिवशी मला केवळ एवढेच वाटत होते की रोप सुकू नये.

पुढचा हिवाळा सरल्यावर तुमच्या गावाची निवड पाणलोटाच्या कामासाठी झाली. आता मजूर नसतात, खोदाईचे यंत्र येते. माथ्यावर चर खोदायचे, मग वावरावावराला बांध, कोणाला शेततळे, आणि शेवटी तळाशी, नाल्याच्या तोंडाशी, मोठा दगडी सांडवा. काम वरून खाली येते, आणि तळाचा सांडवा झाला नाही तर वरचे सगळे पाणी एकवटून नाल्याची कड अधिक वेगाने खाते, म्हणजे न केल्यापेक्षा वाईट. ग्रामसभेत सर्वांनी संमती दिली. माझे नाव वाचले गेले तेव्हा मी उभा राहून, मला विचारासाठी अवधी हवा, असे सांगितले. मागून कोणीतरी म्हणाले, “सायेबानं आमच्या बापाले पंधरा मिनटं बी नोती देल्ली.” सभा हसली. तुमचा मुलगा तेवढा उठला. त्याचेही केस आता पांढरे झाले आहेत. “थांबा ना बे जराशे,” तो म्हणाला. “तिथं काय आहे, ठावूक आहे ना साऱ्याईले?” त्यानंतर कोणी हसले नाही, आणि ते मला अधिक जड गेले.

आता तुमच्या गावाला कृषी सहायक म्हणून एक तरुण मुलगी आहे, सातारा भागातली. ती मला सर म्हणते. ती माझ्याकडे बुलढाण्याला दोनदा येऊन गेली आणि दोन्ही वेळा मी तिला चहा देऊन तांत्रिक हरकती ऐकवल्या. सांडवा थोडा वरच्या बाजूला, धुऱ्यालगत घेता येईल. तेथे मुरूम वर आहे, पाया भक्कम मिळेल. नाल्याचे वळण तेथे सौम्य आहे. तिने सर्व वहीत उतरवून घेतले. तिसऱ्या वेळी तिने मला वावरातच बोलावले. लेव्हलचे यंत्र तिपाईवर लावून तयार होते. “सर, तुमचं बरोबर असेल,” ती म्हणाली. “वाचन तुम्हीच घ्या. पट्टी मी धरते.”

उन्हाचे दिवस होते, जमिनीला भेगा पडलेल्या. ती पट्टी खांद्यावर घेऊन नाल्याच्या कडेने चालत गेली आणि मी सांगेन तेथे थांबत राहिली. पट्टीवरचा आकडा जितका मोठा, तितकी जमीन खाली. धुऱ्यालगत आकडा लहान आला. मधल्या भागात त्याहून मोठा. मग ती कवठाच्या रोपापाशी गेली. तेथे मात्र, मी न सांगता, तिने चपला काढल्या आणि मग पट्टी उभी केली. मी वाचले. यंत्राच्या समतोलाचा बुडबुडा तपासून पुन्हा वाचले. यंत्राचा रोख दुसऱ्या बाजूने घेऊन पुन्हा एकदा वाचले. तुमचा मुलगा धुऱ्यावर बसला होता. “भाऊजी, कितीक येळ पाहून राह्यले? पानी काही तुमच्या भिडेनं वर चढनार नाई,” तो म्हणाला. मला खोटा आकडा सांगता आला असता. भिंगाला डोळा माझा होता आणि ती ऐकून लिहून घेणार होती. मी खरा सांगितला, आणि तो लिहिताना ती काहीही बोलली नाही याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

कृषी सहायक मुलगी निघून गेल्यावर तुमच्या मुलाने मला हाताने खूण करून नाल्याच्या कडेला नेले. तेथे मी तुमच्या मुलीच्या आजारापासून नीट गेलोच नव्हतो. रोपापाशी उभा राहून परत फिरत असे. कड आता कड राहिलेली नाही. गेल्या पावसाळ्यात तेथून एक घळ उघडली आहे आणि ती तिच्या वावराची बाजू कापत वर, त्याच्या वावरात शिरली आहे. त्याच्या तुरीची धसकटे घळीच्या काठावरून मुळांसकट खाली लोंबत होती. तुम्ही ज्या बांधासाठी माझ्याशी वाद घातलात आणि जो नंतर तुम्ही फोडला नाहीत, त्याचे टोक हवेत तरंगल्यासारखे उरले आहे.

“भाऊजी, मी तुमाले करा म्हनत नाई,” तो म्हणाला. “बाई माही बी होती. पन हे पाहा.”

तू सभेत हे का बोलला नाहीस, असे मी विचारले.

“काय बोलू? बहिनीची राख उकरा म्हनू? लोकं म्हने तं मी त्याईच्याशी भांडलो. तुमच्या बाजूनं भांडून राह्यलो अन् माती माही जाऊन राह्यली.” तो घळीच्या काठावर पाय सोडून बसला. थोड्या वेळाने त्याला हसू आले. “तुमी बी ना भाऊजी. साऱ्या तालुक्याले पान्याची वाट दाखवली, अन् झाड नेमकं वाटंत लावलं.”

“तेथे ओल टिकते,” मी म्हणालो.

“हाव. म्हनूनच तं.”

नाला कोरडा होता. मला वाटले होते की तो रागावेल, आणि तो रागावला असता तर मला माझ्या हरकती आणखी काही दिवस टिकवता आल्या असत्या. तो उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, “चाला, जेवून घ्या. उन्हाचं बसू नका.” घरी त्याच्या बायकोने पिठले-भाकरी केली होती. तिने मला तिखटाविषयी विचारले नाही. जेवताना मी त्याला सांगितले की उद्या ग्रामपंचायतीत येऊन सही करतो. त्याने मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला.

सही करताना कृषी सहायक मुलगी कागद पुढे करून माझ्याकडे पाहत उभी राहिली. आमच्या मुलीला मी आदल्या दिवशी पुण्याला दूरध्वनी करून विचारले होते. “बाबा, आई असती तर तिनेच यंत्रवाल्याला चहा नेऊन दिला असता,” ती म्हणाली. ते खरे आहे. तिला तो सांडवा हवाच होता. संमती द्यावी की देऊ नये याविषयी तिचे मत काय असते याबद्दल मला एक क्षणही शंका नव्हती, हे मी तुम्हाला स्पष्ट लिहितो, म्हणजे मी तिच्या इच्छेसाठी अडून बसलो होतो असा समज तुमचा तरी होऊ नये.

यंत्र परवा सकाळी आले. ते लावण्यापूर्वी तुमच्या मुलाने रोप स्वतः काढले. कोणाला हात लावू दिला नाही. चहूबाजूंनी खणून मुळांची माती न फुटू देता त्याने ते घमेल्यात घेतले आणि दोन्ही वावरांच्या मधल्या धुऱ्यावर, उंचवट्याला लावले. तेथे ओल कमी आहे, त्यामुळे पाणी रोज घालावे लागेल. तो घालीन म्हणाला आहे. पाने मलूल झाली आहेत. जगेल किंवा जगणार नाही. खड्ड्यात राख दिसेल अशी मला धास्ती होती. दिसली नाही. खाली काळी माती होती, आजूबाजूच्या मातीपासून वेगळी ओळखता येणार नाही अशी. राखेतील पुष्कळसा अंश पाण्यात विरघळतो आणि गेल्या पावसाळ्यात त्या कोपऱ्यातून पाणी वाहिले आहे, तेव्हा ते तसेच असायला हवे होते. तुमच्या मुलाने त्या मातीची मूठ भरून घेतली आणि पुन्हा खाली सोडली. मग तो धुऱ्यावर बसला, खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेतला आणि “बाई वं” एवढेच म्हणून मोठ्याने रडू लागला. यंत्रवाल्याने इंजिन बंद केले. कामावरची माणसे बाजूला तोंड करून उभी राहिली.

मी यंत्रवाल्याला इंजिन सुरू करायला सांगितले. तळाला मोठे दगड घ्या, त्यांची रुंद बाजू खाली ठेवा, उतार नाल्याकडे राहील असे पाहा, फटीत बारीक दगड ठासून बसवा. तुमचा मुलगा मधेच म्हणाला, “भाऊजी, बसा ना जरा माह्यापाशी.” थर नीट बसतो आहे की नाही ते पाहू दे, असे मी त्याला सांगितले. काम दुपारी संपले. चांगले झाले आहे. पाऊस आल्यावर त्या कोपऱ्यातून पाणी स्वच्छ निघेल आणि घळ वर सरकायची थांबेल, अशी माझी खात्री आहे.

हे पत्र मी कोठे टाकणार नाही. तुमच्या मुलाला वाचायला द्यावे असे मनात आले होते. तेही करणार नाही, कारण पुढचे वाक्य त्याने वाचू नये असे मला वाटते. गावात सर्वांचा समज असा आहे की तिची जागा माझ्याने सोडवत नव्हती. तसे नव्हते. ती गेल्यापासून मला रडू आलेले नाही. दवाखान्यात नाही, सरणापाशी नाही, घरीही नाही. त्या कोपऱ्यात ते येईल असे मला वाटत होते. मी बसमधून उतरून थेट तेथे जात असे, उभा राहत असे, आणि काही वेळाने खाली वाकून ओल तपासून परत येत असे. आणखी काही दिवस जागा तशीच राहिली असती, तर कदाचित आले असते.